मिट्ट काळोख, सत्तावीस अंश

दोन मिलिमीटरचं देठ.
खाली रानवांग्याचं मूळ, वर टोमॅटोचा शेंडा,
मधे माझ्या पात्याचा तिरका काप.
स्पिरिटमधून काढलेलं पातं, आणि मी श्वास धरलेला.
क्लिप लावली की झालं, असं नव्या पोरींना वाटतं.
क्लिप लावली की सुरू होतं.

उरुळी कांचनला, नर्सरीच्या मागच्या अंगाला
एक खोली आहे काळ्या कागदाने झाकलेली.
आत सत्तावीस अंश, भिंतींना घाम,
आणि पहिले दोन दिवस मिट्ट काळोख.
तनपुरे साहेब तिला चेंबर म्हणतात.
आम्ही बाया म्हणतो, बाळंतिणीची खोली.
साहेब हसतात, पण चपला बाहेर काढतात.

पहिल्या वर्षी मला कळेचना
उजेडाशी यांचं काय वाकडं.
जन्मभर ऐकलेलं, झाडाला ऊन लागतं.
मग साहेबांनी सांगितलं:
उजेड पडला की पान कामाला लागतं,
कामाला लागलेलं पान पाणी मागतं,
आणि पाण्याची वाट तर आपणच तोडलेली.
म्हणून काळोख.
म्हणून सुट्टी.

त्या दिवशी घरी जाताना
पीएमटीच्या खिडकीशी बसून मी मोजत राहिले.
थोरल्याच्या वेळी नवव्या दिवशी कांदा काढायला,
धाकटीच्या वेळी बाराव्या.
रागाने नाही. नुसतं मोजलं.

तिसऱ्या दिवशी कागद सरकवायचा, वीतभर.
मग ट्यूबलाइट, तीही लांबून.
दार उघडून बघू नये, असं दारावरच लिहिलंय.
तरी हात जातो.
बघितल्याने काही जुळत नाही,
ओल मात्र पायांतून निघून जाते बाहेर.
आणि ओल फार झाली तरी पंचाईत:
वरचा टोमॅटो कापातूनच आपली मुळं सोडतो,
दोऱ्यासारखी, पांढरी,
खालच्याशी देणंघेणं नसल्यागत.
असं रोप हिरवंगार दिसतं. फसवतं.

मार्चातला गुरुवार. दुरुस्तीसाठी वीज बंद.
जनरेटरचा पट्टा तुटलेला, साहेब मंचरला.
फॉगर एकदा शिंकला आणि गप्प झाला.
आत चाळीस ट्रे, काळोखाचा दुसरा दिवस.
काटा एकतीस.
मग तेहेतीस.

फुलमनी गुमल्याहून आलेली,
सहा दिवसांत सहा शब्द बोललेली.
बाया खोदून विचारायच्या, मीच म्हटलं होतं, राहू द्या.
ती उठली. बटाट्याची गोणपाटं हौदात बुडवली
आणि भिंतीवर, छपरावर, दारावर टाकत गेली,
ओल्यावर ओलं, त्यावर परत तांब्याने पाणी.
मी बादल्या भरल्या.
आत कुणीच डोकावलं नाही.
चारला पंखा फिरला तेव्हा काटा अठ्ठावीसवर होता
आणि आम्ही दोघी कोपरापर्यंत चिखलात.

आठव्या दिवशी ट्रे बाहेर आले.
एका ट्रेत अकरा रोपांनी मान टाकलेली.
बाकीच्यांना बोट लावून पाहिलं:
खालपासून वरपर्यंत एकच देठ हललं.
कापाच्या जागी बारीक गाठ.
ती आता तशीच राहणार.

फुलमनीने ती अकरा उपटली,
तळहातावर मांडली, एकेकीची क्लिप दाबून पाहिली
आणि सातवा शब्द बोलली:
"ढीला."
तो ट्रे माझ्या हातचा होता.
बावीस वर्षांच्या माझ्या हातचा.
मी म्हटलं, दाखव कशी लावतेस.

देठ जाडावलं की क्लिप आपली आपण गळते.
संध्याकाळी बाकांखाली वाकून आम्ही त्या वेचतो,
चहाच्या जुन्या पातेल्यात उकळून घेतो,
फडक्यावर पसरतो.
सकाळी परत लागतात.